फोटो विकून किती मिळतात? अंश आणि छेद यांची शंभर वर्षं

गेल्या महिन्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा मेसेज आला. "ताई, नेटचा निकाल आणि पुढची अ‍ॅडमिशन होईपर्यंत ऑनलाइन फोटो विकून थोडे पैसे सुटतील का? खूप जण कमावतात म्हणे. कॅमेरा हप्त्यावर मिळतोय. घेऊ का?"

मी लगेच लिहिलं, "थांब, एवढ्यात घेऊ नकोस." त्याने विचारलं, "का?" आणि मी अडकले. माझ्याकडे मत होतं, कारण नव्हतं. संशोधन करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. म्हणून दोन शनिवार-रविवार याच विषयावर वाचत बसले. आधी वाटलं होतं की आजचे दर पाहिले, गुणाकार केला, झालं. पण दर कशाचा, हेच कळेना. एका फोटोचा? एका वापराचा? एका डाउनलोडचा? शेवटी या धंद्याचा इतिहास वाचावा लागला, आणि उत्तर तिथे सापडलं.

आपण विज्ञानवाले इतिहासाला प्रबंधाच्या प्रस्तावनेतले दोन परिच्छेद समजतो. तो कधीकधी पद्धतीचाच भाग असतो, हे या लेखातून दाखवायचं आहे. सोबत त्या मुलाला उत्तरही द्यायचं आहे.

फोटो आधी, गिऱ्हाईक नंतर

स्टॉक फोटो म्हणजे काय, ते आधी ठरवू. लग्नाचा फोटोग्राफर आधी सुपारी घेतो, मग फोटो काढतो. स्टॉकमध्ये उलटं असतं. फोटो आधी काढून ठेवायचा. कुणाला लागेल, कधी लागेल, ठाऊक नाही. ज्याला लागेल तो वापरण्याचे पैसे देईल. दुकानात माल भरून ठेवावा, तसं. म्हणूनच नाव 'स्टॉक'.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की साधारणपणे फोटो विकला जातच नाही. विकला जातो तो वापरण्याचा परवाना. फोटो आणि त्याचा हक्क फोटोग्राफरकडेच राहतो, आणि तोच फोटो पुन्हा पुन्हा भाड्याने दिल्यासारखा देता येतो. या धंद्याचा सगळा इतिहास म्हणजे परवाना कशाच्या मापाने मोजायचा, याचा इतिहास आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीच्या मोठ्या एजन्सींपैकी एक एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी 1920 मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिच्याबद्दल वाचताना मला एक छोटी गंमत सापडली. अनेक लेखांत लिहिलेलं असतं की रॉबर्ट्स यांचा तीन इंजिनांच्या विमानासमोर उभ्या असलेल्या लोकांचा फोटो हे स्टॉक फोटोचं पहिल्या काही उदाहरणांपैकी एक, साल 1920च्या सुमाराचं. आणि फोटोतल्या सगळ्यांकडून त्यांनी संमतिपत्रावर सह्या घेतल्या होत्या. सह्यांचा मुद्दा खराच महत्त्वाचा आहे, कारण ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो जाहिरातीला द्यायचा तर आजही त्याची लेखी संमती लागते. पण सालाकडे बघा. फोकरचं तीन इंजिनांचं प्रवासी विमान 1925 मध्ये उडालं आणि फोर्डचं 1926 मध्ये. मग त्याच्यासमोरचा फोटो 1920चा कसा असेल? माझा अंदाज असा की एजन्सीच्या स्थापनेचं साल कुणीतरी फोटोला चिकटवलं आणि मग सगळ्यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं. अंदाजच आहे, पण दहा ठिकाणी तेच साल दिसलं म्हणून दहा पुरावे झाले असं नाही. सगळ्यांचा उगम एक असेल, तर पुरावा एकच.

ट्रंकांमधून आलेली चित्रं

ऑटो बेटमन हे बर्लिनच्या सरकारी कला-ग्रंथालयात दुर्मीळ पुस्तकांचे काम पाहत. ज्यू असल्यामुळे नाझी सत्तेवर आल्यावर त्यांची नोकरी गेली. 1935 मध्ये ते न्यूयॉर्कला आले, ते चित्रांनी आणि निगेटिव्हनी भरलेल्या ट्रंका घेऊन. 1936 मध्ये त्यांनी बेटमन आर्काइव्ह सुरू केलं. तो काळ सचित्र मासिकांचा होता, जाहिरातींचा होता, आणि 'अमुक विषयावर चित्र हवं' म्हणणारे संपादक रोज फोन करत होते. बेटमन यांचं खरं भांडवल नुसती चित्रं नव्हती. ती विषयवार लावलेली होती आणि मागितल्यावर सापडत होती, हे भांडवल होतं. ग्रंथपालाचं कौशल्य त्यांनी धंद्यात वापरलं.

पुढची चारेक दशकं धंद्याची रीत साधारण अशी होती. प्रकाशक किंवा जाहिरात संस्था एजन्सीला फोन करी. एजन्सीतली माणसं कपाटांतून स्लाइड काढून कुरियरने पाठवत. गिऱ्हाईक एखादी निवडे, बाकीच्या परत. पैसे ठरत ते वापरावरून: फोटो मुखपृष्ठावर की आत, किती मोठा, किती प्रती छापणार, कोणत्या देशात, किती दिवस, आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही अशी अट आहे का. मिळालेल्या रकमेतला साधारण निम्मा वाटा फोटोग्राफरचा. याला हक्क-नियंत्रित परवाना म्हणतात. म्हणजे मापाचं एकक होतं एक वापर. एकच फोटो गावातल्या पत्रकाला स्वस्तात आणि देशभरच्या जाहिरातीला महाग जाई, आणि दोन्ही किमती बरोबरच.

कायद्यातली एक ओळ

मग फोटोग्राफर मोठ्या संख्येने याकडे कधी वळले? अमेरिकेत 1976चा नवा कॉपीराइट कायदा 1 जानेवारी 1978 पासून लागू झाला, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फोटोग्राफरची बाजू बळकट झाली. लेखी करार करून हक्क सोडला नसेल, तर कामाचा हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहू लागला. म्हणजे मासिकाच्या पैशाने हिमालयात जाऊन काढलेले फोटो मासिकात छापून झाल्यावर त्याच्या कपाटात परत येत, आणि पुढे एजन्सीतून वीस वर्षं कमाई देत. पेन्शनसारखं.

आपल्याकडे काय? भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे पुण्यातल्या लग्नाचे फोटो करार नसेल तर कायद्याने घरच्यांचे. पण तोच फोटोग्राफर पहाटे आपणहून सिंहगडावर जाऊन धुकं टिपतो, तेव्हा ते फोटो त्याचे. भारतीय फोटोग्राफरसाठी स्टॉक हा म्हणूनच वेगळा मार्ग होता, कारण तिथे हक्क हातात राहतो. मुंबईत जगदीश अग्रवाल यांनी 1980च्या दशकात दिनोदिया ही फोटो एजन्सी उभी केली, ती याच रीतीने चालणारी होती: फोटोग्राफरांचे फोटो साठवायचे, विषयवार लावायचे, आणि मागेल त्याला वापरण्याचे हक्क द्यायचे.

एकक बदललं: पहिल्यांदा

1991 मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे फोटोडिस्क ही कंपनी निघाली. तिने फोटोंच्या सीडी विकायला सुरुवात केली. एका सीडीत शेकडो फोटो, एकदा पैसे द्या, मग हवं तिथे, हव्या तितक्या वेळा वापरा. याला 'रॉयल्टी-फ्री' म्हणतात. या शब्दाने बऱ्याच जणांची गल्लत होते. फ्री म्हणजे फुकट नव्हे. दर वापरामागे पुन्हा पैसे द्यायचे नाहीत, एवढंच.

वरवर पाहता ही एक सोय होती. पण मोजण्याच्या दृष्टीने बघा: छेदात आधी 'एक वापर' होता, तो गेला. आता एकक झालं एक प्रत. देशभरच्या जाहिरातीला आणि गावच्या पत्रकाला किंमत एकच.

याच दशकात पैसेवाले या धंद्यात उतरले. बिल गेट्स यांनी 1989 मध्ये सुरू केलेली कंपनी पुढे कॉर्बिस या नावाने ओळखली गेली; तिने 1995 मध्ये बेटमन आर्काइव्ह विकत घेतलं. त्याच वर्षी मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी लंडनमध्ये गेटीची सुरुवात केली, टोनी स्टोन ही मोठी एजन्सी घेतली, आणि 1998 मध्ये फोटोडिस्कशी एकत्र येऊन गेटी इमेजेस झाली. कुटुंबांनी चालवलेल्या लहान एजन्सी एकेक करून दोन-तीन मोठ्या कंपन्यांत गेल्या. बेटमन यांच्या चित्रांचे मूळ नमुने आता पेन्सिल्व्हेनियातल्या एका जुन्या चुनखडीच्या खाणीत थंड तापमानात जपून ठेवलेले आहेत.

एकक बदललं: दुसऱ्यांदा

2000 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केलं. सुरुवातीला तिथे पैशांचा व्यवहारच नव्हता. आपले फोटो टाका, दुसऱ्यांचे घ्या. पुढे सर्व्हरचा खर्च भागवायला डाउनलोडमागे पाव डॉलरच्या आसपास आकारू लागले. हे का शक्य झालं? डिजिटल कॅमेरा आला होता, रोलचा आणि धुण्याचा खर्च शून्यावर आला होता, आणि छंद म्हणून फोटो काढणारी माणसं पाव डॉलरवरही खूश होती. त्यांचं घर फोटोंवर चालत नव्हतं.

2003 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेले 30,000 फोटो टाकून शटरस्टॉक सुरू केलं. त्यांची युक्ती म्हणजे महिन्याची वर्गणी. एकदा वर्गणी भरली की ठरलेल्या मर्यादेत फोटो उतरवत राहायचे. फोटोग्राफरला दर डाउनलोडमागे ठरावीक सेंट. नव्या माणसाला बरीच वर्षं 25 सेंट मिळत. एकक आता वर्गणीतला एक डाउनलोड.

फेब्रुवारी 2006 मध्ये गेटीने आयस्टॉकफोटो 5 कोटी डॉलरना विकत घेतलं. त्याच वर्षी जूनमध्ये जेफ हाव या पत्रकाराने 'वायर्ड' मासिकात लेख लिहून 'क्राउडसोर्सिंग' हा शब्द रूढ केला. हा शब्द आज आपण विज्ञानातही वापरतो, पक्षीगणनेपासून आकाशगंगांच्या वर्गीकरणापर्यंत. पण त्या लेखाचं पहिलं उदाहरण स्टॉक फोटोचं होतं, हे फार जणांना माहीत नसतं.

त्यात मार्क हार्मेल या व्यावसायिक फोटोग्राफरची गोष्ट आहे. एका संग्रहालयाला आजारी माणसांचे फोटो हवे होते. हार्मेल यांनी सवलत देऊन फोटोमागे 100 ते 150 डॉलर सांगितले. पण संग्रहालयाला आयस्टॉकवर तसेच फोटो डॉलर-डॉलरला मिळाले. काम गेलं. लेखातला पुढचा आकडा मला जास्त बोलका वाटला. 2000 मध्ये हार्मेल यांनी 100 स्टॉक फोटोंवर सुमारे 69,000 डॉलर मिळवले होते. 2005 मध्ये 1,000 हून जास्त फोटोंवर मिळाले सुमारे 60,000.

आता थांबा आणि हे दोन प्रकारे वाचा. फक्त अंश, म्हणजे एकूण कमाई पाहिली, तर घट 13 टक्क्यांची. 'मंदी आहे, चालायचंच,' असं कुणीही म्हणेल. पण छेदात फोटोंची संख्या घ्या. आधी फोटोमागे वर्षाला 690 डॉलर, नंतर जेमतेम 60. घट 90 टक्क्यांहून जास्त! तेच दोन आकडे, तोच माणूस. पहिल्या वाचनात सर्दी, दुसऱ्यात न्यूमोनिया.

अर्थात हा एका माणसाचा अनुभव आहे. नमुना एकचा. यावरून सगळ्या धंद्याबद्दल बोलता येत नाही. म्हणून मोठे आकडे पाहू.

कंपनीचा अहवाल काय सांगतो

ऑक्टोबर 2012 मध्ये शटरस्टॉकचे शेअर बाजारात आले. शेअर बाजारात आलेल्या कंपनीला हिशोब जाहीर करावे लागतात, आणि आपल्यासारख्यांना फुकट डेटा मिळतो. 2013 आणि 2019 ही दोन वर्षं घेते. आकडे ढोबळ करून लिहिते.

2013: संग्रहात सुमारे 3.2 कोटी फोटो, वर्षभरात 10 कोटी सशुल्क डाउनलोड, महसूल सुमारे 23.5 कोटी डॉलर.

2019: संग्रहात सुमारे 31 कोटी फोटो, सुमारे 19 कोटी डाउनलोड, महसूल सुमारे 65 कोटी डॉलर.

सहा वर्षांत महसूल पावणेतीन पट. डाउनलोड जवळजवळ दुप्पट. धंदा जोरात आहे, नाही का? आता छेद बदलत जाऊ.

दर डाउनलोडमागे महसूल: 2.35 डॉलरवरून 3.40 डॉलर. वाढला.

दर फोटोमागे वर्षाला डाउनलोड: 3 वरून 0.6. म्हणजे आधी सरासरी फोटो वर्षातून तीनदा जायचा; नंतर वर्षातून एकदासुद्धा धड नाही.

दर फोटोमागे महसूल: 7 डॉलरवरून 2 डॉलर. तोही कंपनीचा, फोटोग्राफरचा वाटा त्यातला एक भाग.

कंपनी म्हणेल, 'दर डाउनलोडला आम्ही जास्त मिळवतो.' खरं आहे. फोटोग्राफर म्हणेल, 'माझे फोटो वाढले पण कमाई वाढली नाही.' तेही खरं आहे. कुणीच खोटं बोलत नाही. दोघांचे छेद वेगळे आहेत, बस. माल दहा पटीने वाढला आणि गिऱ्हाईक दुपटीने, एवढीच सारी गोष्ट.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना. हे दोन्ही छेद वर्षअखेरच्या साठ्याचे आहेत, आणि महसुलात फोटोंशिवाय व्हिडिओसारख्या गोष्टीही आहेत. म्हणून दशांश चिन्हानंतरचे आकडे फार गांभीर्याने घेऊ नका. दुसरं, सरासरी म्हणजे वाटप नव्हे. अशा बाजारात थोडे फोटो खूप जातात आणि बहुतेक फोटो पडून राहतात. तुमचा फोटो सरासरीवर असेल असं धरणं हेसुद्धा आशावादीच आहे.

जिंकलेल्यांचीच गोष्ट

मग 'खूप जण कमावतात' हे येतं कुठून? एक फोटो तुम्ही नक्की पाहिलाय: हिरवीगार टेकडी, निळं आकाश, पांढरे ढग. विंडोज एक्सपीचा वॉलपेपर. चार्ल्स ओरिअर यांनी तो 1996 मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काढला. त्यांच्या वेस्टलाइट एजन्सीत तो होता. ती एजन्सी 1998 मध्ये कॉर्बिसकडे गेली. तिथून मायक्रोसॉफ्टने त्याचे पूर्ण हक्क घेतले. रक्कम गुप्त ठेवण्याचा करार आहे. विम्याच्या रकमेमुळे कुरियरवाले मूळ फिल्म न्यायला तयार नव्हते, म्हणून आपणच विमानाने ती पोचवली, असं ओरिअर यांनी सांगितलं आहे.

गोष्ट छान आहे. पण त्याच वर्षी त्याच रस्त्यावर थांबून टेकडीचा फोटो काढलेल्या आणि काहीच न मिळालेल्या माणसाची मुलाखत कोण घेणार? याला टिकलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतात. आपल्या प्रयोगशाळेतही हेच होतं: यशस्वी प्रयोग शोधनिबंधात जातात, फसलेले वहीत राहतात. एखाद्या व्हिडिओत 'मी महिन्याला इतके कमावतो' असं कुणी सांगतं, तेव्हा विचारायचं: तुमचे फोटो किती? किती वर्षांचे? कॅमेऱ्याचा आणि प्रवासाचा खर्च वजा केलात का? आणि कमाई फोटोंची, की फोटोंतून कमवायला शिकवण्याची?

एकक बदललं: तिसऱ्यांदा

1 जून 2020 पासून शटरस्टॉकने फोटोग्राफरांचे दर बदलले. ठरावीक सेंटांऐवजी 15 ते 40 टक्के अशा पायऱ्या आल्या, आणि दरवर्षी 1 जानेवारीला सगळ्यांनी पुन्हा खालच्या पायरीपासून सुरू करायचं. काही डाउनलोडना 10 सेंट मिळू लागले. जगभरच्या फोटोग्राफरांनी निषेध केला, काहींनी आपले फोटो विक्रीतून काढून घेतले.

यानंतर जे झालं त्याने छेदच जवळपास नाहीसा केला. 2022 मध्ये शटरस्टॉकने ओपनएआयबरोबरची भागीदारी जाहीर केली आणि 2023 मध्ये ती सहा वर्षांसाठी वाढवली. संग्रहातले फोटो चित्र तयार करणाऱ्या संगणक-प्रारूपांना शिकवण्यासाठी दिले जातात, आणि फोटोग्राफरांना एका निधीतून वाटा मिळतो. गेटीने वेगळा मार्ग घेतला. 2023 मध्ये तिने स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर लंडनमध्ये आणि अमेरिकेत दावे लावले. आपले लाखो फोटो परवानगीशिवाय वापरले, असा आरोप होता. तयार झालेल्या काही चित्रांत गेटीचा शिक्का वेडावाकडा उमटलेला दिसत होता. नोव्हेंबर 2025 मध्ये लंडनच्या न्यायालयाने बहुतांश निकाल स्टॅबिलिटीच्या बाजूने दिला. गेटीला शिक्क्याच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर मर्यादित यश मिळालं.

मोजण्याच्या भाषेत काय झालं? आधी एक वापर, मग एक प्रत, मग एक डाउनलोड, आणि आता एकक पूर्ण संग्रह. कोट्यवधी फोटोंच्या ढिगात माझ्या एका फोटोचं काम किती, हे मला दाखवता येत नाही. जे मोजता येत नाही त्याचा भाव मागता येत नाही, आणि पलीकडचा देईल ते घ्यावं लागतं.

तर, कॅमेरा घ्यायचा का?

आता त्या मुलाचा हिशोब. त्याला महिन्याला 5,000 रुपये सुटले तरी चालणार आहेत. डॉलर 85 रुपयांचा धरते, आणि फोटोमागे वर्षाला 0.6 डाउनलोड ही 2019ची सरासरी धरते.

डाउनलोडमागे 50 सेंट मिळाले, तर 5,000 रुपयांसाठी महिन्याला सुमारे 118 डाउनलोड, वर्षाला 1,400. त्यासाठी संग्रहात सुमारे 2,350 फोटो हवेत. 10 सेंटच मिळाले, तर सुमारे 11,800 फोटो. आणि कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीएवढे, म्हणजे महिन्याला 37,000 रुपये मिळवायचे, तर 50 सेंटच्या दराने 17,000 आणि 10 सेंटच्या दराने 87,000 फोटो.

रोज निवडून, नीट करून, शीर्षक आणि शोधशब्द लिहून 10 फोटो चढवले, तर 2,350 फोटोंना आठ महिने लागतील. हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून.

तुम्ही म्हणाल, हे सरासरीचं गणित आहे, माझे फोटो वेगळे आहेत. असू शकतात. सूर्यास्त, कॉफीचा कप आणि लॅपटॉप यांचा ढीग पडलाय. पण पश्चिम घाटातल्या एखाद्या रानफुलाचा नीट ओळख पटवलेला, शास्त्रीय नाव बरोबर लिहिलेला फोटो तितका सहज मिळत नाही. बेटमन यांचं भांडवल आठवा: चित्र सापडणं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडे हे एक कौशल्य खरंच असतं. पण मग तो प्रयोग हातात असलेल्या मोबाइलवर किंवा मित्राच्या कॅमेऱ्यावर आधी करून पाहा. शंभर फोटो, सहा महिने, वहीत नोंद. आपण मोठ्या प्रयोगाआधी पथदर्शी चाचणी घेतो, तसं. आणि एक: विभागातली उपकरणं, अप्रकाशित नमुने, सहकाऱ्यांचे चेहरे यांचे फोटो गाइडच्या आणि त्या माणसांच्या परवानगीशिवाय कुठेही चढवू नका. तिथे हक्क तुमचा एकट्याचा नसतो.

हे सगळं मी त्याला लांबलचक लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: "ताई, हप्ता कॅन्सल. पण तुम्ही 0.6 धरलंय ते 2019चं आहे. आताचं किती असेल?"

मला फार बरं वाटलं. कॅमेऱ्यापेक्षा या प्रश्नासाठी. तुम्हीही उद्या एखादा शोधनिबंध वाचाल, एखाद्या योजनेचा अहवाल वाचाल, 'इतकी वाढ झाली' असं वाक्य दिसेल. पेन्सिल घ्या आणि समासात तीन शब्द लिहा: कशामागे? केव्हाचं? कुणी मोजलं? प्रस्ताव लिहिताना हेच तीन प्रश्न स्वतःच्या आकड्यांना विचारा. तुमच्या मुलाखतीत समोर बसलेले परीक्षक ते विचारणारच आहेत. त्यांच्या आधी तुम्ही विचारलेले बरे.